नळीतली चरबी: हाड बनायचं की चरबी, हे कोण ठरवतं?

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



आज सुरुवात ताटापासून करू या. इथे मटण खाणारे किती जण आहेत? लाजू नका, हात वर करा. बरं, बरेच आहेत. मग रश्श्यातली नळी कोणाच्या वाटीत जाणार, यावरून घरात झालेली भांडणं तुम्हाला आठवत असतील. नळी ताटावर ठोकायची, तोंडाला लावायची आणि आतला मऊ, तुपकट गोळा ओढून घ्यायचा. तो गोळा म्हणजे अस्थिमज्जा. आणि तो तुपकट लागतो, कारण त्यात मुख्यतः चरबी असते. जे खात नाहीत त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

माझा आजचा प्रश्न त्या गोळ्याबद्दलच आहे. हाडाच्या पोटात चरबी आली कुठून?

सहज वाटणारं उत्तर असं, की खाल्लेलं तेल-तूप जास्त झालं, पोटावर मावेना, म्हणून हाडात जाऊन साठलं. हे उत्तर चुकीचं आहे. जन्माच्या वेळी आपली जवळजवळ सगळी मज्जा लाल असते, रक्तपेशी तयार करणारी. वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांतली मज्जा पिवळी होत जाते, म्हणजे चरबीनं भरते. सडपातळ माणसाचीही होते. ही चरबी बाहेरून येत नाही. ती तिथेच जन्माला येते, आणि गंमत म्हणजे हाड बांधणारी पेशी आणि ही चरबीची पेशी, दोघी एकाच आईच्या लेकी आहेत.

ही आई म्हणजे मज्जेतली मूळपेशी, स्टेम सेल. पुढे रक्त बनवणारी ती वेगळी, ही दुसरी. १९६०-७० च्या दशकांत अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञानं दाखवलं, की मज्जेत काही पेशी अशा आहेत ज्या बाहेर काढून वाढवल्या तर हाड तयार करू शकतात. पुढे कळलं की त्याच पेशी कूर्चाही बनवतात आणि चरबीही. म्हणजे या पेशीपुढे रोज एक फाटा येतो: हाड बांधणारी व्हायचं, की चरबी साठवणारी? दोन्ही होता येत नाही. एकीकडे वळली की दुसरी वाट जवळपास बंद.

आता हे माझ्यासाठी पुस्तकी का नाही, ते सांगते. माझी मावशी ६८ वर्षांची असताना अंगणात पाय घसरून पडली. साधंच पडणं, पण मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, विषय संपला. एवढ्याशा पडण्यानं हाड का मोडलं, हे कोणीही विचारलं नाही. आम्हीही नाही. आणि मी तर याच विषयात काम करते! चार वर्षांनी खुबा मोडला. त्यानंतर मावशी काठीशिवाय चालली नाही. त्या वेळी माझा मामेभाऊ मला म्हणाला, "ताई, वजन तर तिचं वाढत होतं, मग हाडं कशी झिजली?" त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्या दिवशी मला देता आलं नाही. आजचं व्याख्यान ते उत्तर आहे असं समजा, निदान जितकं आज माहीत आहे तितकं.

पियेर म्युनिए या फ्रेंच डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की ठिसूळ झालेल्या हाडांच्या मज्जेत चरबीनं इतर पेशींची जागा घेतलेली दिसते. एकीकडे हाड कमी, त्याच जागी चरबी जास्त. पण फाट्यावर उभं राहून पेशींना तिकडे वळवतंय कोण?

दोन मुख्य नावं आधी सांगते, ती पुढे सारखी येतील. एक रन्क्स-टू, दुसरं पीपार-गॅमा. दोन्ही प्रथिनं आहेत, दोन्ही पेशीच्या केंद्रकात बसून इतर जनुकं चालू-बंद करतात. रन्क्स-टूचा जोर असेल तर पेशी हाडाकडे वळते, पीपार-गॅमाचा असेल तर चरबीकडे. १९९७ मध्ये जपानमध्ये तोशिहिसा कोमोरी यांच्या गटानं रन्क्स-टू नसलेले उंदीर तयार केले. त्या पिल्लांच्या अंगात एकही हाड नव्हतं. सगळा सांगाडा कूर्चेचा. फासळ्या कडक नसल्यामुळे त्यांना श्वास घेता आला नाही आणि ती जन्मताच मेली. माणसात या जनुकाची एक प्रत बिघडली तर गळ्याखालची हाडं नीट बनत नाहीत. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेतला डस्टिन आठवतो? तो अभिनेता, गेटन मॅटराझो, याच विकारासह जन्मला आणि त्याबद्दल तो मोकळेपणानं बोलतो.

पीपार-गॅमाची गोष्ट तर आपल्या औषधाच्या डब्यापर्यंत येते. मधुमेहाची काही औषधं, रोझिग्लिटाझोन, पायोग्लिटाझोन, नेमकं हेच प्रथिन जागं करतात. त्यानं इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, साखर उतरते. पण मज्जेतल्या मूळपेशीला काय ऐकू येतं? "चरबीकडे वळ." २००६ मध्ये ४,३६० रुग्णांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे चार वर्षांत रोझिग्लिटाझोन घेणाऱ्या स्त्रियांपैकी ९.३ टक्के जणींना फ्रॅक्चर झालं, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हेच प्रमाण ५.१ टक्के होतं. रोझिग्लिटाझोनवर भारतात २०१० मध्ये बंदी आली ती हृदयाच्या धोक्यामुळे. पायोग्लिटाझोन आजही मिळतं. आणि हे ऐकून घरी जाऊन कोणीही गोळी बंद करायची नाही! डॉक्टरांना विचारायचं, एवढंच. मी हे उदाहरण देते कारण हा फाटा प्रयोगशाळेतली कल्पना नाही, तो खऱ्या माणसांच्या हाडांत आहे.

इथपर्यंत गोष्ट प्रथिनांची झाली. आता आपल्या नायकाकडे येऊ. आरएनए.

शाळेत आपण काय शिकलो? डीएनएमध्ये माहिती, तिची नक्कल म्हणजे आरएनए, त्यावरून प्रथिन. मी याला सातबाऱ्याचं उदाहरण देते. मूळ दप्तर तलाठ्याकडे, ते तुम्हाला घरी नेता येत नाही. तुम्हाला मिळतो उतारा. त्या उताऱ्यावर बँक कर्ज देते. डीएनए म्हणजे दप्तर, संदेशवाहक आरएनए म्हणजे उतारा, आणि प्रथिन म्हणजे हातात पडलेले पैसे. इतकं सरळ.

पण माणसाच्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची माहिती देतो. उरलेल्याला १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांनी 'जंक' म्हटलं, आणि तो शब्द चिकटला. नंतर कळलं की त्या उरलेल्या भागातल्या बऱ्याच जागांवरूनही नकला निघतात. उतारे निघतात, पण त्यांवर कर्ज काही मिळत नाही! मग ते काढायचे कशाला? हेच ते नॉनकोडिंग आरएनए. प्रथिन न बनवणारे.

एक किडा आहे, मिलिमीटरभर लांबीचा. त्याच्या वाढीत गडबड का होते हे शोधताना १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या प्रयोगशाळांना एक विचित्र जनुक सापडलं. त्याच्यातून प्रथिन निघत नव्हतं. निघत होता फक्त २२ अक्षरांचा एक आरएनएचा तुकडा, आणि तो तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या उताऱ्याला जाऊन चिकटत होता. चिकटला की प्रथिन बनणं थांबायचं. सात वर्षं बहुतेकांनी त्याला किड्याची लहर समजलं. २००० मध्ये तसाच दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसातही जसाच्या तसा निघाला, तेव्हा सगळे सावरून बसले. या दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं.

या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत, ही 'हरकत' आहे. दप्तराला हात लावत नाही, उताऱ्यावर हरकतीची चिठ्ठी लावते. काम अडतं, किंवा उताराच फाडून टाकला जातो. ही चिठ्ठी सगळी २२ अक्षरं जुळवत बसत नाही. सुरुवातीची सहा-सात जुळली तरी पुरतं. त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या उताऱ्यांवर हरकत घेऊ शकतो. आणि बहुतेक वेळा परिणाम सौम्य असतो. दिवा मालवणारं बटण नव्हे हे, पंख्याचा रेग्युलेटर आहे. पण फाट्यावर उभ्या असलेल्या पेशीला हलकासा धक्काही पुरतो ना!

उदाहरणं घेऊ. एमआयआर-२०४ नावाचा मायक्रोआरएनए रन्क्स-टूच्या उताऱ्यावर हरकत घेतो. तो वाढला की हाडाचा पक्ष दुबळा होतो आणि पेशी चरबीकडे झुकते. हे सोपं, एका पायरीचं.

दुसरं जरा वळणाचं आहे, आणि माझ्या आवडीचं. २००९ मध्ये चीनमधल्या एका गटानं एमआयआर-२८६१ हा मायक्रोआरएनए शोधला. हा काय करतो? एचडॅक-फाइव्ह नावाच्या प्रथिनाला दाबतो. एचडॅक-फाइव्ह काय करतं? रन्क्स-टू नष्ट व्हायला मदत करतं. म्हणजे शत्रूच्या शत्रूची गोष्ट. एमआयआर-२८६१ आहे तोवर रन्क्स-टू सुरक्षित. उंदरांत तो गप्प केला तेव्हा हाडं कमी झाली. इथवर ठीक. पण मग त्यांनी लहान वयातच हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांकडे पाहिलं, आणि नात्यातल्या दोन मुलांत याच मायक्रोआरएनएच्या जनुकात बदल सापडला. त्यांच्यात हा तुकडा तयारच होत नव्हता. विचार करा. त्या मुलांची हाडाची प्रथिनं बनवणारी जनुकं तपासली असती तर कदाचित काहीच सापडलं नसतं. दोष होता तो 'जंक' म्हणून सोडून दिलेल्या जागेत, बावीसेक अक्षरांच्या चिठ्ठीत.

मला विचाराल तर या क्षेत्रातलं सगळ्यात वजनदार काम इथेच आहे, जिथे माणसाच्या अंगात पुरावा मिळतो. अशी उदाहरणं फार नाहीत. आणखी एक आहे: २०११ मध्ये कळलं की मायक्रोआरएनएंचा एक पूर्ण जुडगा जन्मतः गमावला तर उंची कमी राहते, बोटांच्या हाडांत दोष येतो. बाकी ढीगभर निबंध डिशमधल्या पेशींवरचे आहेत. "अमुक आरएनए वाढवला, तमुक कमी झालं." ते वाचताना मीठ जरा हात राखूनच घालावं लागतं.

आता मावशीच्या प्रश्नाच्या जवळ येऊ. म्हातारपण.

२०१५ मध्ये चांगशा इथल्या शियांग-हांग लुओ यांच्या गटानं (वरचं २००९ चं कामही त्यांचंच) तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या मूळपेशी शेजारी ठेवून पाहिल्या. म्हाताऱ्यांत एक मायक्रोआरएनए ठळकपणे जास्त होता: एमआयआर-१८८. माणसांच्या पेशींतही वयस्कांत जास्त, तरुणांत कमी. हा दोन प्रथिनांना दाबतो, एचडॅक-नाइन आणि रिक्टर, आणि ती दोन्ही दबली की पेशी चरबीकडे जाते. मग त्यांनी एमआयआर-१८८ नसलेले उंदीर वाढवले. हे उंदीर म्हातारे झाले, पण त्यांची हाडं तेवढी झिजली नाहीत आणि मज्जेत तेवढी चरबीही भरली नाही. उलट ज्यांच्यात तो मुद्दाम वाढवला, त्यांची हाडं जास्त झिजली आणि मज्जेत चरबीही जास्त भरली. शेवटची पायरी: आधीच म्हाताऱ्या झालेल्या उंदरांना त्यांनी एमआयआर-१८८ ला अडवणारा तुकडा दिला, नेमका मज्जेतल्या मूळपेशींपर्यंत पोचेल अशा वाहनावर बसवून. हाड पुन्हा बांधलं जायला लागलं.

तर मामेभावाला उत्तर. मावशीचं वजन वाढणं आणि हाड झिजणं यात विरोध नव्हताच. मज्जेतल्या फाट्यावर वयानुसार झुकाव बदलतो, आणि तो बदलणाऱ्यांत या चिठ्ठ्या आहेत. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होणं हे मोठं कारण आहेच, ते मी नाकारत नाही. पण फक्त "कॅल्शियम कमी पडलं" हे उत्तर अपुरं होतं.

लांब नॉनकोडिंग आरएनएबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे अजून बरंच धुकं आहे. २०० अक्षरांपेक्षा लांब ते 'लांब'. हे हरकत घेणारे नाहीत, ते मध्यस्थ आहेत. लग्न जुळवणाऱ्या काकूंसारखे, दोन प्रथिनांना एकत्र आणून बसवतात. बीएमएनसीआर नावाचा असा एक उंदराच्या मज्जेत सापडला. वयाबरोबर तो घटतो. तो असताना टॅझ नावाचं प्रथिन योग्य जोडीदारांना भेटतं, आणि टॅझ म्हणजे रन्क्स-टूचा मित्र, पीपार-गॅमाचा विरोधक. तो काढून टाकला की उंदराची हाडं पातळ होतात, मज्जेत चरबी वाढते. अडचण अशी की लांब आरएनए उंदरातून माणसात येताना ओळखू न येण्याइतके बदललेले असतात. मायक्रोआरएनएचं तसं नाही, ते बरेचसे तेच राहतात. म्हणून लांब आरएनएच्या उंदरांवरून माणसाबद्दल बोलताना मी दहादा विचार करते.

चरबीची आपली बाजूही ऐकायला हवी, नाहीतर ती नुसती खलनायिका वाटेल. २०१७ मध्ये बॉस्टनच्या जोसलिन सेंटरमधल्या रोनाल्ड कान यांच्या गटानं असे उंदीर घेतले, ज्यांच्या फक्त चरबीपेशींत मायक्रोआरएनए तयार होत नाहीत. त्यांच्या रक्तात फिरणाऱ्या कितीतरी मायक्रोआरएनएंचं प्रमाण धाडकन खाली आलं. म्हणजे रक्तातून फिरणाऱ्या या चिठ्ठ्यांपैकी मोठा वाटा चरबी टपालात टाकत होती! सूक्ष्म पुड्यांत, एक्सोसोममध्ये बांधून. निरोगी उंदराची चरबी त्यांच्यात बसवली तर टपाल पुन्हा सुरू झालं, आणि यकृतातलं एक जनुक त्या चिठ्ठ्यांनुसार वागताना दिसलं. चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही, ती पत्रं पाठवते. हाडातही असं टपाल चालतं. हाड कुरतडणाऱ्या पेशी एमआयआर-२१४ अशाच पुड्यांतून हाड बांधणाऱ्या पेशींना पाठवतात आणि बांधकाम मंदावतं. २०१३ मध्ये फ्रॅक्चर झालेल्या वयस्क रुग्णांच्या हाडांच्या नमुन्यांत हाच तुकडा वाढलेला आढळला होता, आणि जिथे तो जास्त तिथे हाडाची बांधणी कमी.

मग औषध कधी? हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलते. आरएनएची औषधं आज आहेत. २०१८ पासून तुकडा-आरएनएवर चालणारं पहिलं औषध बाजारात आलं. पण ते यकृतासाठी. रक्तात सोडलेलं जवळजवळ काहीही यकृतात आपसूक अडकतं, त्यामुळे तिथे पोचणं सोपं. हाड हे किल्ल्यासारखं आहे, आणि पोचलं तरी फाट्यावरच्या नेमक्या पेशीला गाठायचं आहे. शिवाय तीच चिठ्ठी शेकडो उताऱ्यांवर चालते, हे विसरू नका. २०१६ मध्ये कर्करोगासाठीची एका मायक्रोआरएनएची चाचणी थांबवावी लागली, कारण रुग्णांची प्रतिकारशक्ती भडकली आणि काहींचा मृत्यू झाला. उंदराचं हाड बांधणं आणि माणसाला इंजेक्शन देणं यांत हे एवढं अंतर आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: वजन कमी केलं की मज्जेतली चरबीपण कमी होईल ना?

तसं वाटतं खरं. पण ज्यांनी जवळजवळ खाणं सोडलेलं असतं, अशा अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत अंगावरची चरबी संपत येते आणि मज्जेतली मात्र वाढलेली सापडते. हाडंही कमकुवत असतात. त्यामुळे मज्जेतल्या चरबीचे नियम पोटाच्या चरबीला लावता येत नाहीत. उपाशी राहून हाडं मजबूत होत नाहीत. हाडावर भार येणारा व्यायाम, चालणं, जिने, वजन उचलणं, हे मूळपेशीला हाडाकडे ढकलतं. नुसतं अंथरुणाला खिळून राहणं उलट करतं.

प्रश्न: माझ्या सासूबाईंसाठी एक्सोसोमचं इंजेक्शन सुचवलंय, स्टेम सेलचंही. खर्च लाखाच्या वर आहे. घ्यावं का?

नाव सांगू नका, कोणी सुचवलं त्याचं. तुम्ही सांगताय ते मी आजकाल बऱ्याच ठिकाणी ऐकते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं तर स्टेम सेलचे बाकी उपचार मान्य नाहीत, ते फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत देता येतात. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. एक्सोसोमबद्दल अमेरिकेच्या एफडीएनंही २०१९ मध्ये लोकांना सावध केलं होतं. मी आत्ताच तासभर याच पुड्यांचं कौतुक केलं, तरी मी माझ्या मावशीला ते दिलं नसतं. पुडीत कोणत्या चिठ्ठ्या आहेत, हेच विकणाऱ्याला माहीत नसतं.

सासूबाईंचं वय काय? ७१. याआधी कधी हाड मोडलंय? मनगट, तीन वर्षांपूर्वी. मग आधी डेक्सा तपासणी करून घ्या, हाडांची घनता मोजणारी. ती त्या इंजेक्शनाच्या मानानं अगदी थोड्या पैशांत होते. व्हिटॅमिन डी बघा. हाडं खरंच ठिसूळ असतील तर त्यावर जुनी, पारखलेली औषधं आहेत, गोळीही आहे, इंजेक्शनही आहे, आणि खुब्याचं फ्रॅक्चर टाळायला त्यांचा उपयोग होतो हे हजारो रुग्णांत दिसलेलं आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय का? नाही? तो या आठवड्यात बसवा.